ॲप्ट रडतंय की डीपीकेजी?

उबंटू, मिंट किंवा डेबियन या लिनक्सवर एखादं पॅकेज (प्रोग्रामचं गाठोडं) बसेना की बहुतेकांचं ठरलेलं असतं: एररची शेवटची ओळ सर्च करायची आणि पहिली सापडेल ती कमांड सुडो (म्हणजे प्रशासकाचा अधिकार) लावून चिकटवायची. पाच मिनिटांनी मूळ एरर बाजूला राहते आणि तीन नव्या उभ्या असतात. मूळ बिघाड बहुधा किरकोळच असतो, मशीन बिघडतं ते उपचारांनी. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

त्यामुळे कमांड शोधण्याआधी एरर कोण देतंय ते बघा. ओळ ‘ई:’ने, किंवा नव्या आवृत्तीत ‘एरर:’ने, सुरू होत असेल तर ॲप्ट, म्हणजे पॅकेज शोधून आणणारा प्रोग्राम, बोलतंय. ‘डब्ल्यू:’ (किंवा ‘वॉर्निंग:’) हा ॲप्टचाच इशारा, ‘एन:’ (किंवा ‘नोटीस:’) नुसती नोंद. ओळ ‘डीपीकेजी:’ने सुरू होत असेल तर मामला खालच्या मजल्यावर आहे. डीपीकेजी १९९४चं. हातात दिलेली .डेब फाइल उघडायची, फाइली जागच्या जागी ठेवायच्या, मग पॅकेजसोबत आलेली स्क्रिप्ट चालवायची, एवढंच त्याचं काम. फाइल कुठून आणायची, तिच्यासोबत आणखी काय लागेल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते काम ॲप्टचं, आणि ते १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत वर चढवलेला मजला आहे. आपण आज टाइप करतो ती सुटसुटीत ‘ॲप्ट’ कमांड तर २०१४ मधली. त्याआधी ॲप्ट-गेट आणि ॲप्ट-कॅश वेगवेगळे वापरावे लागत.

(कमांड, फाइलींचे पत्ते आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं रोमन लिपीत, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत.)

आधी मराठी बंद करा

सिस्टीमची भाषा मराठी ठेवली असेल तर ॲप्ट आणि डीपीकेजी त्यांचे बरेचसे संदेश मराठीत देतात, कारण दोघांचंही मराठी भाषांतर आहे. वाचायला छान, पण तो संदेश सर्च केला तर हाती काही लागत नाही. तपासणीपुरती कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ ही जोड द्या, तेवढा भाग मोठ्या अक्षरांत:

सुडो एलसी_ऑल=सी ॲप्ट अपडेट

सोर्सेस

पॅकेजं जिथून आणायची त्या ठिकाणांची, म्हणजे रिपॉझिटरींची, यादी नीट नसेल तर पुढचं काहीच नीट होत नाही. उबंटू २४.०४ पासून मुख्य यादी /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबंटू.सोर्सेस या फाइलमध्ये असते. जुन्या सोर्सेस.लिस्टमध्ये आता फक्त ‘मी तिकडे गेलोय’ अशी टीप असते. नव्या पद्धतीत एका ओळीत सगळं कोंबण्याऐवजी टाइप्स, यूआरआयज, स्वीट्स, कंपोनंट्स आणि साइन्ड-बाय अशा वेगवेगळ्या ओळी असतात. दोन नोंदींच्या मध्ये एक रिकामी ओळ लागते. एकाच नोंदीच्या पोटात चुकून रिकामी ओळ पडली तर तिचे दोन अर्धवट तुकडे होतात आणि ॲप्ट ‘मॅलफॉर्म्ड एन्ट्री’ म्हणून थांबतं. एडिटरमध्ये सगळं बरोबर दिसत असतं, म्हणून ही चूक शोधायला वेळ लागतो.

जुनं मार्गदर्शन वाचून सोर्सेस.लिस्टमध्येही उबंटूच्या ओळी घातल्या तर प्रत्येक अपडेटला ‘कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स’चे ढीगभर इशारे येतात. धोका काही नाही, कटकट आहे. जुन्या फाइलमधल्या ओळी काढून टाका. डेबियन १३ वर जुन्या ओळी नव्या साच्यात बसवायला ‘सुडो ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस’ ही कमांडच दिली आहे.

एखादी रिपॉझिटरी तात्पुरती बंद करायची तर तिच्या नोंदीत ‘एनेबल्ड: नो’ ही ओळ घाला. फाइलचं नाव बदलून शेवटी .बॅक लावलं तरी ॲप्ट ती वाचत नाही, कारण त्याला .लिस्ट आणि .सोर्सेस एवढीच शेपटं कळतात. .बॅक ते मुकाट्याने सोडून देतं. भलतंच शेपूट लावलं तर मात्र ‘इन्व्हॅलिड फाइलनेम एक्स्टेन्शन’ची नोंद दर वेळी छापत राहील.

इन्स्टॉल करताना भारताचा टाइमझोन निवडला की उबंटू बहुधा इन.आर्काइव्ह.उबंटू.कॉम हा पत्ता लिहून ठेवतं. डाउनलोड रेंगाळत असेल तर त्यातलं ‘इन.’ काढून मुख्य आर्काइव्ह लावून बघा. सिक्युरिटीची नोंद वेगळी असते, तिला हात लावू नका.

किल्ल्या

बाहेरची रिपॉझिटरी जोडताना तिची सही तपासणारी किल्ली लागते. ‘ॲप्ट-की ॲड’ सांगणारा लेख दिसला की तो बंद करा. त्या पद्धतीने जोडलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींना लागू होते, म्हणजे ब्राउझरवाल्याची किल्ली उबंटूच्या मूळ पॅकेजांवरही सही करू शकते. डेबियन १३ मधून तर ही कमांडच गेली आहे. आता किल्ली /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवायची आणि नोंदीतल्या साइन्ड-बाय ओळीत तिचा पूर्ण पत्ता द्यायचा.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. किल्ली उघडून बघितली आणि ‘बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक’ असा मजकूर दिसला तर तिचं शेपूट .एएससी हवं, वाचता न येणारी बायनरी असेल तर .जीपीजी. मजकुराच्या किल्लीला .जीपीजी नाव दिलं की काही आवृत्त्यांवर ॲप्ट ‘अनसपोर्टेड फाइलटाइप’ म्हणत ती बाजूला टाकतं आणि लगेच खाली ‘नो_पबकी’ छापतं. माणूस मग किल्ली पुन्हा पुन्हा उतरवत बसतो आणि नाव तेच ठेवतो. दुसरी चूक परवानगीची. ॲप्ट डाउनलोड आणि तपासणी ‘_ॲप्ट’ नावाच्या वेगळ्या युजरकडून करून घेतं. फाइल फक्त रूटला (मशीनच्या प्रशासकाला) वाचता येत असेल तर त्याच्या लेखी ती नाहीच. सुडो सीएचमॉड ६४४ आणि पुढे फाइलचा पत्ता, एवढ्यावर काम होतं.

साइन्ड-बायमुळे एक किल्ली एकाच दाराला लागते हे खरं, पण त्या दारातून आलेल्या पॅकेजची स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालते. रिपॉझिटरी जोडणं म्हणजे घराची किल्ली देणं. दहा पीपीए (इतरांनी चालवलेल्या उबंटूच्या रिपॉझिटरी) जोडून ठेवलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो, पण सांगायचं राहू नये.

अपडेटच्या एरर

‘४०४’ किंवा ‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल’ म्हणजे तुम्ही सांगितलेल्या नावाचं फोल्डर तिथे नाही. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार असतो, पुढे त्या ओल्ड-रिलीजेस.उबंटू.कॉमवर हलवल्या जातात. २३.१० ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये अशीच संपली. पत्ता बदलून तात्पुरतं भागेल, पण तो पुढच्या आवृत्तीवर जाण्यापुरताच वापरा.

मिंटवाल्यांची ४०४ वेगळी. कंपन्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट ‘एलएसबी_रिलीज -सीएस’ विचारून आवृत्तीचं नाव घेतात. मिंट २२ त्यावर ‘विल्मा’ असं उत्तर देतं, आणि विल्मा नावाचं फोल्डर कंपनीच्या सर्व्हरवर नसतं. मिंट २२ ज्यावर उभं आहे ते उबंटू २४.०४, म्हणजे ‘नोबल’. हे नाव /ईटीसी/ओएस-रिलीज मध्ये उबंटू_कोडनेम या ओळीत सापडतं. सोर्सेस फाइलमध्ये विल्माच्या जागी नोबल लिहा.

‘हॅश सम मिसमॅच’ म्हणजे सहीच्या फाइलमध्ये लिहिलेला हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आणि हातात आलेल्या यादीचा हॅश जुळत नाही. एक तर मिरर (आर्काइव्हची प्रत ठेवणारा सर्व्हर) त्या क्षणी स्वतः अपडेट होत होता, किंवा मधला प्रॉक्सी (नेटवर्कमधला मध्यस्थ सर्व्हर) शिळी फाइल देतोय. ऑफिस आणि कॉलेजच्या नेटवर्कवर दुसरं कारण जास्त. अर्धा तास थांबून पुन्हा करा. तरीही तेच असेल तर /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मधल्या याद्या पुसून पुन्हा अपडेट करा. याद्या पुसल्याने काही बिघडत नाही, त्या परत उतरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चाललं तर दोषी प्रॉक्सी.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ ही एरर बघून लोक किल्ल्या बदलतात, मिरर बदलतात. बिघाड घड्याळाचा असतो. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन प्रत्येक वेळी काही वर्षं मागच्या तारखेत जागं होतं आणि आजची सही त्याला उद्याची वाटते. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटच्या तक्रारी येत असतील तर निदान पक्कं. सेल बदला. घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल ठीक आहे: विंडोज बोर्डावरचं घड्याळ भारतीय वेळेचं समजतं, लिनक्स यूटीसीचं, आणि दोघे आलटून पालटून एकमेकांची वेळ बिघडवतात. ‘टाइमडेटसीटीएल’ नुसतं चालवलं की आरटीसी, म्हणजे बोर्डावरचं घड्याळ, कोणत्या वेळेत आहे ते दिसतं.

उमेदवार कोण

हवी ती आवृत्ती न येता भलतीच आली तर अंदाज करत बसू नका, ॲप्टला विचारा. फायरफॉक्स हे उत्तम उदाहरण, कारण त्यात सगळी गुंतागुंत एका जागी दिसते. उबंटू २४.०४ वर

ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स

असं विचारलं की ‘कँडिडेट’समोर, म्हणजे ॲप्ट बसवणार असलेल्या उमेदवारासमोर, १:१स्नॅप१ ने सुरू होणारी आवृत्ती दिसते. त्या पॅकेजमध्ये ब्राउझर नाहीच. ते बसवलं की स्नॅप, म्हणजे उबंटूचं वेगळ्या प्रकारचं पॅकेज, उतरवायला घेतं. मोझिलाची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी जोडली, अपडेट केलं, तरी उमेदवार बदलत नाही. मोझिलाची आवृत्ती शंभराच्या पुढची आणि उबंटूची एक, तरी एक जिंकतो. गोम त्या कोलनमध्ये आहे. कोलनच्या आधीचा आकडा म्हणजे ‘इपॉक’, आणि तुलना आधी इपॉकची होते. मोझिलाच्या आवृत्तीला इपॉक नाही, म्हणजे शून्य. शून्यापेक्षा एक मोठा, पुढचं कोणी बघत नाही.

दोन्ही रिपॉझिटरींची प्रायॉरिटी ५०० असते, म्हणून निकाल आवृत्तीवर लागतो. तो फिरवायचा तर /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी/मोझिला या नावाची फाइल करून तिच्यात तीन ओळी:

पॅकेज: *
पिन: ओरिजिन पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग
पिन-प्रायॉरिटी: १०००

इथे ९०० लिहून भागत नाही. स्नॅपवालं पॅकेज आधीच बसलेलं असेल तर ॲप्टच्या हिशोबाने हा डाउनग्रेड आहे, आणि डाउनग्रेडला ते १००० किंवा त्याहून वरच्या प्रायॉरिटीशिवाय तयार होत नाही. उलट बाजूला ऋण आकडा म्हणजे पूर्ण बंदी. मिंट स्नॅपडीला (स्नॅप चालवणाऱ्या पॅकेजला) नोस्नॅप.प्रेफ या फाइलमध्ये -१० देऊन असंच अडवतं. फाइल बदलल्यावर पॉलिसी पुन्हा विचारा. उमेदवार बदललेला दिसला तरच इन्स्टॉल करा.

अपग्रेडच्या वेळी काही पॅकेजं ‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ म्हणून मागे राहतात. उबंटू अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, तुमचा नंबर अजून लागलेला नाही. काही करू नका.

आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध टेक चॅनेलवर पॉप ओएस या लिनक्समध्ये गेमचं स्टीम ॲप बसवताना अख्खा डेस्कटॉप उडाला. ॲप्टने आवश्यक पॅकेजं जातील असं सांगून एक पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं, ते टाइप केलं गेलं. ‘--फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ सुद्धा काही तरी काढूनच गाठ सोडवू शकतं. यादीत डेस्कटॉपचं पॅकेज दिसलं की एन.

लॉक

‘कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ ही एरर मशीन सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत हमखास येते. कारण पार्श्वभूमीला अनअटेंडेड-अपग्रेड्स सिक्युरिटी अपडेट बसवत असतं. नवं ॲप्ट एररमध्येच लॉक धरणाऱ्या प्रोसेसचा नंबर आणि नाव सांगतं, शिवाय स्वतः लॉक सुटायची वाटही बघतं. चहा घेऊन या.

लॉकची फाइल पुसायचा सल्ला इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरतोय. फाइल असणं म्हणजे लॉक नव्हेच. ती कायम तिथे पडलेली असते. लॉक कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात), त्या उघड्या फाइलवर असतं, आणि प्रोसेस मेली की आपोआप सुटतं. फाइल पुसली तर आधीचा डीपीकेजी जुन्या, आता नाव नसलेल्या फाइलवर लॉक धरून काम करत राहतो, तुमचा नवा डीपीकेजी नवी फाइल बनवून तिच्यावर लॉक घेतो, आणि दोघे एकाच डेटाबेसमध्ये लिहू लागतात. खरोखर कोण अडलंय ते ‘सुडो एलएसओएफ’ आणि पुढे लॉक फाइलचा पत्ता देऊन बघा. बहुतेक वेळा कुठे तरी मागे पडलेल्या खिडकीत वाय की एन विचारत बसलेलं ॲप्ट सापडतं.

अर्धवट पॅकेजं

डीपीकेजीचं काम दोन टप्प्यांत चालतं, उलगडणं आणि कॉन्फिगर करणं. ‘डीपीकेजी -एल’च्या पहिल्या रकान्यात ‘आयआय’ म्हणजे सगळं ठीक. ‘आरसी’ म्हणजे पॅकेज काढलंय, सेटिंगच्या फाइली उरल्यात, तेही ठीक. ‘आययू’ उलगडून राहिलेलं, ‘आयएफ’ कॉन्फिगर करताना अडखळलेलं. या शेवटच्या दोघांवर उपाय

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

हा असतो, पण तीच एरर परत आली तर दहा वेळा चालवून फरक पडणार नाही.

‘पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १’ ही ओळ निकाल सांगते, कारण तिच्या वर असतं. टर्मिनल बंद झालं असेल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग मध्ये सगळं जसंच्या तसं मिळतं. नेहमीचं उदाहरण: नवा कर्नल आला आणि शेवटी लिनक्स-हेडर्सचं एक आवृत्तीवालं पॅकेज, लिनक्स-हेडर्स-जेनेरिक आणि लिनक्स-जेनेरिक अशी तीन नावं अपयशी म्हणून छापली. बिघाड तीन नाहीत. पहिल्याच्या स्क्रिप्टने डीकेएमएसला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधायला सांगितला, तो बांधला गेला नाही, म्हणून उरलेले दोन रांगेत अडकले. टर्म.लॉगमध्ये ‘बॅड रिटर्न स्टेटस’च्या खालच्या ओळीत मॉड्यूलचं (म्हणजे त्या ड्रायव्हरचं) नाव असतं, /व्हार/लिब/डीकेएमएस खाली त्या मॉड्यूलच्या मेक.लॉगमध्ये कंपायलरची खरी तक्रार. तो ड्रायव्हर नव्या आवृत्तीचा बसवा किंवा काढून टाका, मग कॉन्फिगर -ए.

दुसरं नेहमीचं कारण भरलेलं /बूट. डिस्क एन्क्रिप्ट केली की /बूट वेगळं पार्टिशन होतं, आणि दर कर्नलची इनिटआरडी फाइल (मशीन सुरू होताना लागणारी) तिथे मोठी जागा खाते. ‘डीएफ -एच /बूट’ १०० टक्के दाखवत असेल तर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’. ॲप्ट स्वतःच अडकलं असेल तर ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणता ते बघा आणि त्याहून जुना एखादा लिनक्स-इमेज पॅकेजच्या पूर्ण नावाने ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ करा. चालू कर्नलला हात नको.

‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ म्हणजे एकच फाइल दोन पॅकेजांना हवी आहे. बहुधा त्यातलं एक पीपीएचं असतं. ते काढा. फोर्स-ओव्हरराइट केलं तर फाइल कुणाची हा वाद पुढच्या अपग्रेडवर ढकलला जातो.

वीज गेली तर

पावसाळ्यात यूपीएसशिवायच्या डेस्कटॉपवर मोठं अपग्रेड दोन तुकड्यांत करावं. ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ने नुसतं उतरवून घ्या, हे मध्येच तुटलं तरी नुकसान शून्य, पुढच्या वेळी राहिलेलंच उतरतं. मग वीज स्थिर असताना बसवा. धोका फक्त बसवण्याच्या मिनिटांत असतो.

तरी नेमकी तेव्हाच गेली, तर मशीन सुरू झाल्यावर आधी कॉन्फिगर -ए, मग फिक्स-ब्रोकन. यावर ‘पार्सिंग फाइल /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ने सुरू होणारी तक्रार आली तर पॅकेजांची वहीच फाटली आहे. रीइन्स्टॉलची घाई करू नका. त्याच फोल्डरमध्ये स्टेटस-ओल्ड आहे, ‘एलएस -एल’ने दोघांचे आकार बघा, चांगली फाइल काही एमबीची असते, खराब बहुधा शून्याची. खराब फाइल बाजूला कॉपी करून ठेवा आणि मग:

सुडो सीपी /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस-ओल्ड /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस

स्टेटस-ओल्डही गेली असेल तर /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस.० ही आधीची प्रत असते. ती जुनी असल्याने मधल्या काळात बसवलेली पॅकेजं तिच्यात नसतील, /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडून ती नावं काढा आणि पुन्हा इन्स्टॉल करा.

कधी वही शाबूत असते, पण एखाद्या पॅकेजची फाइलयादी अर्धी लिहिलेली राहते: ‘फाइल्स लिस्ट फाइल … मिसिंग फायनल न्यूलाइन’. /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधली त्या पॅकेजची .लिस्ट फाइल बाजूला हलवा (लायब्ररी असेल तर नावात :एएमडी६४ असतं) आणि ‘ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ करा. ‘असुमिंग पॅकेज हॅज नो फाइल्स’ असा इशारा येईल, तो अपेक्षितच आहे.

शेवटी ‘सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय’. यात ‘सी’ खूण असलेल्या ओळी तुम्ही बदललेल्या सेटिंग फाइलींच्या, त्या सोडा. बिनखुणेच्या ओळीत लायब्ररी किंवा प्रोग्रामची फाइल दिसली तर ‘डीपीकेजी -एस’ आणि फाइलचा पत्ता देऊन ती कुठल्या पॅकेजची ते विचारा (इथला एस मोठा), आणि ते पॅकेज रीइन्स्टॉल करा. मग ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ चालवा. काहीच न छापता प्रॉम्प्ट परत आला की मशीन तुमचं.